जिन्याकडचे ठोके

त्या सकाळी कानसेन घरातून निघाला तो चष्म्याची दांडी बसवून घ्यायला. काम साधं होतं. चष्मा उशीवर राहिला, त्यावर डोकं पडलं, दांडी निखळली. बायकोने ती दोऱ्याने बांधून दिली आणि वर म्हणाली, "कानांचा एवढा तोरा, आणि एक चष्मा त्या कानांवर टिकत नाही." बत्तीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसावं एवढं तो शिकला होता.

चष्म्याचं दुकान बंद होतं. शेजारचा किल्ल्या करणारा रिकाम्या हातांनी दारात उभा होता.

"चष्मेवाले कुठे गेले?"

"बघायला गेलेत. सगळा बाजार गेलाय." त्याने कानसेनला ओळखलं. "अहो, तुम्ही रेडिओतले ना? आणि मला विचारताय होय!"

"काय झालं?"

"शिवणकामाचा कारखाना बसला. सहाची पाळी आत शिरली आणि वीस मिनिटांत तीन मजले खाली. पत्त्यांच्या बंगल्यासारखे."

कानसेनने दोरा बांधलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तडक रेडिओ केंद्राचा रस्ता धरला.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तेवढंच. बाकी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला कानसेन म्हणत. शाळा सातवीपर्यंत. काम आवाज टिपायचं आणि जोडायचं. पण कान असा, की जिन्यावरच्या पावलांवरून कोणाचा गुडघा दुखतोय ते सांगायचा. दिवा जाण्याआधी कुरकुरतो, ते फक्त त्याला ऐकू यायचं. या कानांचा त्याला माज होता, आणि तो त्याने कधी लपवलाही नाही. "माझ्या कानाला आलं नाही ना, मग ते नाहीच," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पुढे कोणी वाद घालत नसे.

केंद्रात लग्नघाई चालली होती. बातमीप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, बाह्या वर सारल्या होत्या. डोळे चकाकत होते. "कानसेन, आलास? यंत्र घे आणि पळ. फटाकडी खाली गाडीत बसलीय."

फटाकडी म्हणजे बातमीदार मुलगी. पंचविशीची, हुशार, तोंडाची टकळी बंद न होणारी. गाडीत ती सारखी घड्याळ बघत होती.

"काका, एकच्या बातम्यांना आपण पहिले पाहिजे. पलीकडच्या केंद्राने तीन माणसं पाठवलीत."

"आपण दोघं आहोत. पुरे आहोत."

"तुम्हाला धडधडत नाही का हो?"

"धडधडतं. पण आवाज करत नाही."

ती हसली. खरं सांगायचं तर तिघांनाही, ड्रायव्हरसुद्धा धरून, अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. कोणीतरी मेलं असेल, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तिघेही एकदम चिडले.

कारखान्याच्या जागी ढीग होता. सिमेंटची धूळ, जळक्या कापडाचा वास, मशीनच्या तेलाचा वास. आणि दोरे. रंगीत दोऱ्यांची हजारो रिळं फुटून उलगडली होती. तुटलेल्या लाद्यांतून लाल, पिवळे, निळे दोरे लोंबत होते, माणसांच्या पायांत गुंतत होते. माणूस चार पावलं चालला की मागे दोऱ्याची शेपटी. समोरच्या बाजूला जिन्याचा सांगाडा उभा राहिला होता. तिथेच गर्दी, तिथेच अधिकारी, तिथेच बाकीचे बातमीदार. फटाकडी त्यांच्यात घुसली.

कानसेनचा दंड कोणीतरी पकडला. कंडक्टरबाई होती. अंगावर गणवेश, खांद्याला तिकिटांची पिशवी. गाडी मधल्याच थांब्यावर प्रवाशांसकट सोडून ती धावत आली होती.

"तुम्ही आवाजवाले का? मग इथे काय करताय? मागे चला. मागे ठोकतायत."

"कोण?"

"माझी धाकटी बहीण आत आहे. मागच्या इस्त्रीच्या खोलीत. मी स्वतः ऐकलंय, दादा."

मागच्या बाजूला गर्दी नव्हती. बचावपथकाची दहा-बारा माणसं आणि काँक्रीट कापायचं यंत्र. शहरात तसं यंत्र एकच होतं. ते या बाईच्या शब्दावर इथे लागलं होतं. पथकप्रमुख घामाने निथळत होता.

"बाई म्हणतात ऐकलं. आम्हाला काही आलं नाही," तो म्हणाला. "पण कुठून तरी सुरू करायचंच. भिंत जाड आहे. दुपारपर्यंत आत शिरू."

"यंत्र एक मिनिट थांबवा," कानसेन म्हणाला. "मी ऐकतो."

जिथे जाईल तिथली एक मिनिटाची नुसती शांतता तो टिपून आणायचा. त्याच्या धंद्यातली ही रीतच. बोलणं कापून जोडताना मध्ये भोक पडतं, ते त्या जागेच्या शांततेने बुजवायचं. त्याने काठीला बांधलेला माईक भिंतीच्या फटीत हातभर आत सारला, हेडफोन लावले, डोळे मिटले. त्याच्या यंत्रावर एक बटण होतं. ते दाबलं की खालच्या सुरातली घरघर कानात येत नसे. फितीवर सगळं उतरायचं, कानात मात्र स्वच्छ. घरघर म्हणजे कचरा, हे त्याचं मत. म्हणून ते बटण त्याने दाबून वर चिकटपट्टी लावून टाकली होती. किती वर्षं झाली ते त्यालाही आठवत नव्हतं.

मिनिट संपलं. त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे बघत होते. बाईने तर श्वास धरला होता.

"आत काही नाही," तो म्हणाला.

"नीट ऐका हो दादा. परत एकदा."

"बाई, तीस वर्षं ऐकतोय. असतं तर माझ्या कानाला आलं असतं."

हे तो जरा मोठ्याने बोलला. पथकातल्या दोघांनी माना खाली घातल्या. बाई नुसती भिंतीला टेकली. पथकप्रमुखाने यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं. कान काही म्हणोत, त्याने भिंत सोडली नाही. तोपर्यंत तरी नाही.

साडेबाराला दोघं केंद्रात परतले. फटाकडीने गाडीतच बातमी लिहून काढली होती. साहेबांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"'जिन्याच्या बाजूने ढिगाऱ्याखालून जिवंत माणसांचे ठोके ऐकू येत आहेत.' वा! कानसेन, लाव ठोके."

"ठोके नाहीत," कानसेन म्हणाला. "शांतता आहे."

"शांतता काय ऐकवू लोकांना? हिने लिहिलंय ऐकू येतायत."

"कोणी ऐकले?"

"एका बाईने ऐकले म्हणे," फटाकडी म्हणाली. "गर्दीत सगळे बोलत होते."

"जिन्याच्या बाजूने?"

ती जरा अडखळली. "मी जिन्यापाशी उभी होते, काका. तिथेच बोलत होते सगळे."

ती मागे गेलीच नव्हती. जे समोर दिसलं ते तिने लिहिलं. कानसेनला हे कळलं. तो बोलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मागे काही नाही, हे त्यानेच ठरवलं होतं. मग जिना काय आणि मागची भिंत काय. मेलेल्या ढिगाला पुढची बाजू काय आणि मागची काय.

साहेब जवळ आले. आवाज खाली आणला. "हे बघ, नाटकात दार कोण वाजवतं? तू. ताटात वाटाणे फिरवून पाऊस कोण पाडतो? तू. बाईने ऐकले म्हणजे ठोके आहेत. आपण ते फक्त ऐकू येतील असे करायचे. खोटं कुठे आहे यात? लोकांना उभारी येईल. नसेल जमत तर राहू दे, दुसरा कोणी..."

"जमत नाही असं कोण म्हणालं?" कानसेन म्हणाला.

माणसाला खड्ड्यात ढकलायला हात लागत नाही. त्याच्या गर्वाला बोट लावलं की पुरे.

केंद्राच्या खाली तळघर होतं. भर दुपारी तिथे काळोख. जुन्या फितींचा आंबूस वास, भिंतींना ओल, आणि एका कोपऱ्यात पाण्याचा जाड लोखंडी नळ, वरून खाली येऊन जमिनीत गेलेला. त्याने माईकवर घोंगडी टाकली, म्हणजे आवाज मातीआडून आल्यासारखा येईल. पाना उचलला. ठोकला.

ठक. ठक. ठक.

थांबला. मनात पाच मोजले. पुन्हा तीन.

वर येऊन त्याने ते ठोके सकाळच्या शांततेच्या मिनिटावर बसवले. खरी जागा, खरी धूळ, खरी शांतता, आणि तिच्यात ते तीन ठोके. स्वतः ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

एक वाजता बातमी गेली. ठोके वाजले तेव्हा केंद्रात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. टेलिफोनवरची बाई तोंडावर पदर धरून रडायला लागली. आणि मग फोन सुरू झाले. एक ठेवला की दुसरा. माणसं ओरडत होती, रडत होती, विचारत होती. कोणी कुदळी घेऊन निघालं होतं, कोणी रक्त द्यायला.

फटाकडी पुन्हा घटनास्थळी गेली होती. तिचा आवाज तारेवरून थरथरत आला. "साहेब, ऐकताय ना? लोकांनी रेडिओ डोक्यावर धरलेत! सगळे जिन्याकडे धावतायत! ते कापायचं यंत्र... साहेब, शंभर माणसं ते ओढत आणतायत! मागून पुढे! मी असं कधीच पाहिलं नाही!"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात बातमी! आज सगळं शहर आपल्याला लावून बसलंय!"

कोणीतरी कानसेनच्या पाठीवर धपका मारला. कोणीतरी चहा आणून दिला. त्याची छाती फुगली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. शंभर माणसं त्याच्या तीन ठोक्यांवर धावली होती. चहाचा पहिला घोट घेतल्यावर मात्र त्याचा हात थांबला.

"यंत्र मागे होतं," तो म्हणाला. "ते भिंत कापत होते."

"होतं. आता जिन्याकडे आहे."

"पण साहेब..."

"पण काय? ठोके नाहीत, शांतता आहे, हे कोण म्हणालं? तूच ना?"

त्याने चहा संपवला.

पावणेतीनला साहेबांनी पुन्हा बोलावलं. "तीनच्या बातम्यांना नवे ठोके लागतील. आणि हे बघ..." त्यांनी बोटं हवेत हलवली. "आता जरा थकलेले हवेत. आठ-नऊ तास झालेत आत."

हे वाक्य ऐकून कानसेनने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. पण तो उठला. एकदा हो म्हटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही.

तळघर मघापेक्षा गार वाटलं. दिवा लावला तर तो कुरकुरला आणि गेला. त्याने चाचपत नळ शोधला. वास वेगळा होता. आंबूस नव्हता. गरम कापडावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा, वाफेचा. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. पाना उचलला. हळू, दमलेल्या हाताने ठोकावं तसं ठोकलं.

ठक... ठक... ठक.

आणि थांबला.

नळातून आवाज आला.

ठक ठक.

त्याला वाटलं, वर कोणी नळाशी खुडबुड करतंय. तो जिन्याकडे तोंड करून ओरडला, "अरे, कोण आहे रे? काम चाललंय इथे!" कोणी ओ दिली नाही. त्याने नळावर हात ठेवला. नळ कोरडा होता, पाणी सकाळीच संपलं होतं. पुन्हा तळहाताखाली लोखंड थरथरलं.

ठक ठक.

वरून येत नव्हता आवाज. त्याचे कान त्याला कधी दिशा चुकवत नसत. जिथे नळ जमिनीत शिरत होता, तिथून येत होता. खालून. आणि घाईने. जसं कोणी विचारतंय आणि उत्तराची वाट बघतंय. कानसेनच्या हातातला पाना आपोआप उठला, आपोआप पडला.

ठक. ठक. ठक.

खाली शांत झालं. एकदम, समाधान झाल्यासारखं शांत.

तो तिथून कसा निघाला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. पाना हातातच होता. वर टेलिफोनवरच्या बाईने त्याला अडवलं. "काका, कधीची शोधतेय तुम्हाला. एका बाईंचा फोन आहे. ठोके ज्याने टिपले त्याच्याशीच बोलायचंय म्हणतात. चौथ्यांदा केलाय."

त्याने फोन कानाला लावला.

"तुम्हीच ना ते, सकाळचे दादा?" कंडक्टरबाईचा आवाज बसला होता. "रेडिओवर तीन कोण ठोकतंय?"

"बाई..."

"माझी बहीण तीन ठोकणार नाही. मी कंडक्टर आहे. दोन टोले म्हणजे गाडी चल. लहानपणापासून आमच्या घरात दार दोनदाच वाजतं. मला झोपेतून उठवायचं तरी दोन. सकाळी मी ऐकले ते दोन होते. दोन... आणि दोन. दादा, यंत्र नेलं हो मागून. मी आडवी पडले त्यांच्यासमोर. मला उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, रेडिओ सांगतोय. तुम्ही सांगा ना त्यांना..."

त्याच्या हातून फोन खाली लोंबकळला.

तो आपल्या खोलीत धावला. सकाळची फीत काढली, शांततेचं मिनिट लावलं. नखाने ती जुनी चिकटपट्टी खरवडली. निघेना. दाताने ओढली. बटण वर आलं, आणि इतक्या वर्षांची अडवून ठेवलेली घरघर एकदम कानात शिरली. दूरच्या गाड्यांची, मोटारींची, जमिनीची घरघर. आणि तिच्या तळाशी, जाड भिंतीतून गाळून आलेला, बोथट, खालच्या सुरातला...

धब धब.

थांबून, धब धब.

साठ सेकंदांत सात वेळा. माईकपासून दोन हातांवर. ती सकाळी तिथे होती. जिवंत होती. ठोकत होती. आणि तो बाहेर डोळे मिटून उभा होता.

तो बातम्यांच्या खोलीत शिरला तेव्हा तीनला चार मिनिटं होती.

"साहेब, यंत्र मागे न्यायला सांगा. आतली माणसं मागे आहेत. माझ्याकडे फीत आहे. जिन्याकडे कोणी नाही. ते ठोके आपले आहेत."

"हळू बोल!"

"हळू काय? भिंत अर्धी कापली होती त्यांनी!"

साहेबांनी दार लावलं. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज घट्ट होता. "आता हे मागे घेतलं तर लोक आपल्याला उभे जाळतील. तुला कळतंय का? मी पथकाला गुपचूप निरोप देतो. मागेही बघा म्हणतो. बातमी आहे तशी जाऊ दे."

"निरोप पोचेल कधी? त्यांच्या कानात आपला रेडिओ आहे. ते दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत."

"कानसेन, पाय धरतो तुझे. गप्प राहा."

तो गप्प राहिला नाही. बातम्या वाचायच्या खोलीवरचा तांबडा दिवा लागला होता. आत वाचणाऱ्या बाईने कागद नुकते सरळ केले होते. तीस वर्षांत कानसेन त्या खोलीत दिवा तांबडा असताना कधी शिरला नव्हता. तो शिरला. बाई चकित होऊन उठली. त्याने माईक आपल्याकडे ओढला. दुसऱ्यांचे आवाज जन्मभर जोडले, आपला कसा वाटतो हे त्याला माहीत नव्हतं.

"मी आवाज टिपणारा बोलतोय," तो म्हणाला. "एक वाजता तुम्ही जे ठोके ऐकले ते ढिगाऱ्यातले नाहीत. ते मी मारले. आमच्या तळघरात, नळावर, पान्याने. जिन्याकडे कोणी नाही. माणसं मागे आहेत. इस्त्रीच्या खोलीत. सकाळपासून दोन-दोन ठोके देतायत. बाई खरं सांगत होत्या. यंत्र मागे न्या. आत्ता न्या. मला काय करायचं ते नंतर करा."

दाराबाहेर साहेब भिंतीला धरून खाली बसले होते. कानसेन त्यांना ओलांडून जिना उतरला. रस्त्यावर गाडी मिळाली नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धावत सुटला. चष्मा वाटेत पडला, तो उचलायला थांबला नाही.

तो पोचला तेव्हा यंत्र मागे आलेलं होतं. ठिणग्या उडत होत्या. त्याला बघताच गर्दीतून एक म्हातारा पुढे आला आणि त्याने कानसेनच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्याने कॉलर धरली. पथकप्रमुख मागे न बघता ओरडला, "मारामारी नंतर! माती उचला!" कानसेनने घमेलं घेतलं. कोणी त्याच्याशी बोललं नाही. फटाकडीसुद्धा रांगेत उभी होती, घमेली पुढे सरकवत. तिच्या हातांतून रक्त येत होतं. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "मी मागे यायला हवं होतं, काका." त्याने घमेलं पुढे सरकवलं. त्याला आपलं पुरे होतं.

कंडक्टरबाई भिंतीपाशी गुडघे टेकून बसली होती. हातात वीट. दोन ठोके देत होती, कान लावत होती. दोन ठोके देत होती, कान लावत होती. आतून काही येत नव्हतं.

पावणेपाचला भिंत फुटली.

आतून वाफेचा वास आला. तळघरातलाच. कानसेनच्या हातातलं घमेलं पडलं.

खोलीत सात जणी होत्या. तीन जिवंत. बाईची बहीण भिंतीला अगदी चिकटून होती, हातात लोखंडी इस्त्री. मूठ सोडवता सुटेना. डॉक्टरने पापणी उघडून पाहिली, मनगट धरलं आणि हळूच खाली ठेवलं. "दीड-दोन तास झाले असतील," तो म्हणाला. हवा संपत गेली होती. यंत्र हललं नसतं तर अडीचपर्यंत भोक पडलं असतं, हे पथकप्रमुख कोणाला म्हणाला नाही. पण सगळ्यांना गणित येत होतं.

बाईने बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. रडली नाही. तिकिटांच्या पिशवीतून रुमाल काढला आणि बहिणीच्या तोंडावरची धूळ पुसत राहिली.

जिवंत तिघींतली एक थोराड बाई होती. बावीस वर्षं त्याच खोलीत इस्त्री करणारी. तिला झोळीत घातलं, पाणी पाजलं. ओठ हलायला लागले तसा पथकप्रमुख तिच्याजवळ वाकला.

"मावशी, तुम्ही ठोकायचं का थांबवलं?"

"उत्तर आलं ना," ती म्हणाली. "दुपारी उत्तर आलं. तीन ठोके. ही पोरगी हसलीच. म्हणाली, ऐकलं त्यांनी, आता येतायत. ओरडू नका, हवा पुरवा. मग यंत्र लांब गेलं... आम्ही घाबरलो. हिने पुन्हा दोन ठोकले. कितीदा ठोकले. पुन्हा तीन आले. मग म्हणाली, आहेत, आहेत, थांबा..."

कानसेन जवळच उभा होता. तळघर तिथून तीन मैलांवर होतं. मध्ये नदी होती.

"कुठून आले ठोके, मावशी?" पथकप्रमुखाने विचारलं. "जिन्याकडून?"

"नाही रे बाबा. खालून."

"खाली तळमजलाच शेवटचा. खाली नुसती माती आहे."

"खालूनच," बाई हट्टाने म्हणाली. "अजून ठोकतोय ना तो. तीन-तीन. तुम्ही मला उचललंत तेव्हासुद्धा ठोकत होता. चांगला माणूस आहे. दिवसभर त्याने आमचा धीर सुटू दिला नाही." तिने झोळीतून मान वळवली. "त्याला कधी काढताय?"

पथकप्रमुखाने हात वर केला. यंत्र बंद झालं, मोटारी बंद झाल्या, माणसं होती तिथे उभी राहिली. त्या एवढ्या गर्दीत वाऱ्याने हलणाऱ्या दोऱ्यांखेरीज काही हललं नाही.

"मला काही येत नाही ऐकू," पथकप्रमुख कुजबुजला.

कंडक्टरबाईने मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदा तिने कानसेनकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही ऐका," ती म्हणाली.

तो भोकातून आत शिरला. दुमडून गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला आणि उजवा कान फरशीला लावला. फरशी ओली होती, बर्फासारखी गार. त्याने डोळे मिटले. ठोके नव्हते. एकही नव्हता. बाहेर सगळे श्वास धरून होते. तो "काही नाही" म्हणायला तोंड उघडणार होता.

तेवढ्यात त्याच्या कानाखालची फरशी, बरोबर कानाएवढीच, खालच्या बाजूने उबदार व्हायला लागली, खालून कोणीतरी तिथेच कान लावल्यासारखी.